आधी जमीन बघा



यंदाच्या वर्षावासातली ही हकीकत आहे. आमच्या नशिराबादच्या वस्तीतील विहारात आषाढ पौर्णिमेपासून रोज रात्री बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू आहे. कुणी केळीच्या बागेत, कुणी कपाशीच्या वावरात, कुणी भुसावळला, कुणी जळगावला दिवसभर राबून आलेली माणसे जेवणे उरकून सतरंजीवर येऊन बसतात. त्या रात्री वाचन संपून सरणत्तय म्हणायच्या बेतात असताना बाहेर पोरांचा गलका झाला.

आम्ही बाहेर आलो. विहाराच्या कुंपणासाठी आणून टाकलेल्या दगडांच्या ढिगापाशी आठ-दहा पोरे गोल करून उभी होती. एकाच्या हातात बॅटरी, दोघांच्या हातात दगड. मध्ये वीतभराहून थोडी मोठी एक पाल. पण घरातल्या पालीसारखी नव्हे. पिवळट अंग, त्यावर बिबट्यासारखे काळे ठिपके, शेपटी जाडजूड. ती पळत नव्हती. शेपटी उचलून सावकाश हलवीत होती आणि डोळे मिचकावून आमच्याकडे बघत होती.

“मामा, पुढे जाऊ नका. ही फुंकर मारते आणि माणूस जागेवर मरतो!” एक पोरगा ओरडला.

खोटे कशाला सांगू, मीही दोन पावले मागे सरलो. आमच्यातल्या एक आजी मात्र काठी टेकीत पुढे आल्या आणि म्हणाल्या, “आत्ताच आत बसून पहिले शील घेतले ना रे? मग बाहेर येऊन लगेच दगड कसा काय उचलला?” पोरांचे हात खाली आले. आम्ही फोन करून एका सर्पमित्राला बोलावले. तो अर्ध्या तासात मोटारसायकलवर आला, पालीकडे बघून हसला आणि म्हणाला, “ही गरीब आहे. हिला कुठे न्यायचीही गरज नाही. तुम्ही बाजूला व्हा, ती आपल्या घरी जाईल.” आम्ही बाजूला झालो. पाल मांजरासारखी पाय उचलीत दगडांच्या फटीत शिरली.

प्रसंग एवढाच. पण त्यातून पुढे जे घडले आणि जे शिकायला मिळाले ते आपल्या घराघरांत सांगण्यासारखे वाटले, म्हणून या आठवड्याचे सदर त्यासाठी.

दिसते भयंकर, आहे गरीब

या पालीला इंग्रजीत लेपर्ड गेको म्हणतात, म्हणजे बिबट्यासारखी पाल. हिच्यात विष नाही. फुंकर मारून माणूस मरतो ही निव्वळ थाप आहे. आपल्या देशात कोणतीही पाल विषारी नाही. घरातल्या पालीला पापण्या नसतात, ती जिभेने डोळा पुसते. हिला मात्र आपल्यासारख्या उघडझाप करणाऱ्या पापण्या आहेत. घरातल्या पालीच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या असतात म्हणून ती भिंतीवर चढते. हिला नुसती नखे आहेत, म्हणून ही जमिनीवरच राहते. पिलांच्या अंगावर ठिपक्यांऐवजी आडवे पट्टे असतात. जाड शेपटीत ती चरबी साठवते, म्हणजे ती शेपटी तिची धान्याची कणगीच. जिवावर बेतले तर ती शेपटी तोडून टाकते. नवीन येते, पण पहिल्यासारखी नाही.

या कुळातली एक जात महाराष्ट्र आणि गुजरातच्या कोरड्या, दगडाळ भागात राहते. दुसऱ्या एका जातीला २०१४ साली शास्त्रज्ञांनी आपल्या सातपुड्याचे नाव दिले. म्हणजे ज्या सातपुड्याकडे बघत आपण लहानाचे मोठे झालो, त्याच्या नावाची पाल जगाच्या शास्त्रात नोंदली गेली आहे, आणि आपली पोरे तिच्या भावंडांवर दगड उचलतात!

बाबासाहेबांनी त्या ग्रंथात अहिंसेविषयी लिहिताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. त्या रात्री गरज कोणाला होती? पोरांना भीती होती, आणि भीतीच्या मागे अज्ञान होते. विचारले असते तर दगड उचलावा लागलाच नसता.

भाचीच्या घरची पेटी

माझी भाची परिचारिका आहे. नवरा आणि आठ वर्षांच्या मुलासह ती इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ राहते. रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. तिचा मुलगा मला आजोबा म्हणतो. चाळिशी संपायच्या आत आजोबा झालो, पण ऐकायला गोड वाटते. त्याला मी विहारातली गोष्ट सांगितली तर तो उडालाच. म्हणाला, “आजोबा, तशीच पाल माझ्या घरी आहे! पण ती आजारी आहे.”

त्याने फोन नेऊन काचेची पेटी दाखवली. तिकडे ही पाल मुलांनी पाळायची नेहमीची गोष्ट आहे. पाकिस्तान-अफगाणिस्तानच्या डोंगराळ मुलखातली जात, पण आता पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या घरीच वाढलेली. दुकानदाराने पालीबरोबर पेटी दिली आणि “ही वाळवंटातली पाल आहे” असे सांगून लाल रंगाची बारीक वाळूही दिली. पेटी दिसायला सुरेख होती. खाली लाल वाळू, एका बाजूला प्लास्टिकचे निवडुंग, मागे वाळवंटाचे चित्र. पाल मात्र एका कोपऱ्यात पोट टेकून पडलेली. शेपटी सुकलेली. भाची म्हणाली, “मामा, दहा दिवस झाले, काही खात नाही, शी करत नाही. उद्या डॉक्टरकडे नेतेय.”

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. पोटात वाळू साचली होती. त्यातच पेटीत ऊब पुरेशी नव्हती. डॉक्टरांनी औषध दिले, कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवायला सांगितले आणि वाळू त्याच दिवशी काढून टाकायला सांगितली.

पुढच्या रविवारी पोराने मला प्रश्न केला. “आजोबा, तुमच्याकडची पाल कशावर राहते? वाळूवर की दगडावर?”

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, कचेरीतला कारकून. मला जमाखर्च कळतो, पाल कुठे कळते? पण लहान मुलाने नेमका प्रश्न विचारला तर उत्तर शोधून देणे मोठ्यांचे कर्तव्य आहे. मी त्या सर्पमित्राला बरोबर घेतले आणि दिवसाउजेडी तो ढीग आणि मागचा माळ पाहून आलो. मोकळी वाळू कुठेच नव्हती. खाली घट्ट बसलेला मुरूम, त्यावर सपाट दगड, दगडांखाली अंधाऱ्या फटी आणि एका फटीत पावसाची ओल. दिवसभर तापलेला दगड संध्याकाळनंतरही कितीतरी वेळ कोमट राहतो. त्यावर पोट टेकून ही पाल ऊब घेते. सर्पमित्र म्हणाला, “हिची चूल पोटाखाली असते.” ते वाक्य मला विसरता येत नाही.

मी फोटो काढून पोराला पाठवले. पुढचे सर्व त्यातूनच निघाले. डॉक्टरांनी सांगितलेले, भाचीने वाचून काढलेले आणि इकडे माळावर पाहिलेले, असे सारे जुळवून पुढे देत आहे. तिकडे ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांनी कळवावे. इकडच्यांनाही त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

वाळू का नको?

ही पाल रातकिडा दिसला की झडप घालते. झडपेबरोबर तोंडात वाळू जाते. कधी अंगाला चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडला तर ती मुद्दाम वाळू चाटते. धडधाकट आणि उबेत असलेल्या मोठ्या पालीच्या पोटातून थोडी वाळू निघून जाईलही. पण पिलाच्या, आजाऱ्याच्या, किंवा थंड पेटीतल्या पालीच्या आतड्यात ती बसते आणि सिमेंटसारखी साचते. ऊब नसेल तर खाल्लेले पचत नाही, आणि पचत नाही म्हणून वाळू पुढे सरकत नाही. एका चुकीला दुसरी चूक अशी मदत करते.

‘पोटात विरघळणारी कॅल्शियमची वाळू’ म्हणून जी विकतात ती तर आणखी वाईट. चुन्यासाठी भुकेलेली पाल ती आवडीने खाते. बारीक खडी आणि अक्रोडाच्या टरफलांचा भरडा टोचतात आणि अडकतात. देवदारासारख्या उग्र वासाच्या लाकडाचा भुसा छातीला त्रास देतो. गालिच्यासारखे कापड घातले तर त्याच्या धाग्यात नखे अडकतात आणि घाणही धरून राहते. कोणतीही वस्तू चिकटपट्टीने चिकटवू नये, कारण तिची पातळ कातडी पट्टीला चिकटून फाटते.

मग खाली काय घालावे?

पहिला आणि सर्वात स्वस्त उपाय साधा कागद. आजारी पाल, पिलू आणि नवीन आणलेली पाल यांच्यासाठी कागदासारखे दुसरे काही नाही. घाण झाला की काढून टाकावा. तिने शी केली की नाही, शी कशी आहे, हे कागदावर चटकन दिसते. वाळूत ते झाकले जाते आणि आजार कळायला उशीर होतो. माझ्या भाचीचे दहा दिवस त्यातच गेले.

दुसरा उपाय फरशी. तिकडे पाटीच्या दगडाच्या फरश्या मिळतात. होय, ज्या दगडी पाटीवर आपल्या आई-वडिलांनी मुळाक्षरे गिरवली तोच दगड. ती पुसता येते, नखे झिजवते, गिळली जात नाही आणि ऊब धरून ठेवते. आपल्याकडच्या शहाबादी फरशीचाही गुण असाच आहे. फार गुळगुळीत चकचकीत टाइल मात्र नको, पाय घसरतात. फरशा हलणार नाहीत आणि त्यांच्याखाली किडे दडणार नाहीत अशा घट्ट बसवाव्यात.

तिसरा उपाय माती. मोठ्या आणि निरोगी पालीसाठी खत-औषध न घातलेली माती आणि थोडी वाळू मिसळून, ओली करून, ठोकून, पूर्ण वाळवून घट्ट जमीन करतात. आपल्या आया-बहिणी अंगण चोपतात तसेच. मोकळी वाळू आणि चोपलेली जमीन यांत तोच फरक आहे जो रस्त्यावरच्या धुळीत आणि सारवलेल्या अंगणात आहे. पण हे काम अनुभव आल्यावर करावे, पहिल्या दिवशी नाही.

जागा, ऊब आणि आडोसा

ही पाल चढणारी नव्हे, चालणारी. म्हणून पेटी उंच असण्यापेक्षा लांब-रुंद असावी. एका मोठ्या पालीला तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद जागा असावी. झाकण जाळीचे आणि घट्ट. एका पेटीत एकच पाल. दोन नर एकमेकांना फाडतात. त्यांना सोबत लागेल ही आपली समजूत आहे, त्यांची गरज नाही.

पेटीची एक बाजू उबदार आणि दुसरी थंड ठेवावी. उबदार बाजूची जमीन तीस ते बत्तीस अंश, थंड बाजू चोवीस ते सव्वीस. म्हणजे ऊब हवी तेव्हा ती इकडे येईल, नको तेव्हा तिकडे जाईल. स्वतःचे स्वतः ठरवता येणे ही तिच्या दृष्टीने सर्वात मोठी सोय आहे. तिकडच्या थंडीत पेटीच्या तळाशी ऊब देणारी गादी लावतात. ती थर्मोस्टॅटशिवाय कधीही लावू नये, नाहीतर पोट भाजते. त्या गादीवर वाळूचा जाड थर असेल तर ऊब वरपर्यंत नीट पोहोचत नाही, हा वाळूचा आणखी एक तोटा. अंदाजावर भागवू नये. तापमापक थेट जमिनीला लावून बघावे.

आडोसे तीन असावेत. एक उबदार बाजूला, एक थंड बाजूला आणि एक ओलसर. फुटक्या माठाची कड घासून पालथी ठेवली तरी चालते. ओलसर आडोशात ओला कागद ठेवावा. कात टाकताना ओल मिळाली नाही तर कात बोटांना दोऱ्यासारखी आवळून राहते आणि बोट झडते. पाण्याची उथळ वाटी रोज भरावी. खाणे म्हणजे जिवंत रातकिडे आणि अळ्या, तिच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठे नकोत. त्यांना कॅल्शियमची भुकटी लावून द्यावे. बागेतले, शेतातले किडे देऊ नयेत, त्यांच्यात फवारणीचे विष असू शकते. कपाशीवर काय काय फवारतात हे आपल्या भागात सांगायला नको. पालीला किंवा पेटीला हात लावल्यावर मुलांनी साबणाने हात धुतलेच पाहिजेत, कारण या प्राण्यांच्या विष्ठेतून पोट बिघडवणारे जंतू येतात.

इथे कोणी धम्मबांधव विचारील, जिवंत किडे खाऊ घालणे पहिल्या शीलात बसते काय? प्रश्न योग्य आहे. ही पाल जन्मानेच किडे खाणारी आहे, तिला पोळी-भाजीवर ठेवणे म्हणजे उपाशी मारणे. ज्या घराच्या मनाला हे पटत नाही त्या घराने ती पाळू नये, हेच सरळ उत्तर.

आणि कारकुनाला हिशेब सुटत नाही म्हणून सांगतो. नीट ठेवली तर ही पाल पंधरा-वीस वर्षे जगते. वीस वर्षे म्हणजे सात हजार तीनशे दिवस पाण्याची वाटी भरायची. आज आठ वर्षांचा पोरगा तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा झालेला असेल. वाढदिवसाची भेट एका संध्याकाळची असते, जबाबदारी वीस वर्षांची. इंग्लंडात २००६ साली प्राणी कल्याणाचा कायदा झाला. त्यात योग्य जागा, योग्य आहार, स्वभावाप्रमाणे वागायची मोकळीक, जातीप्रमाणे सोबत किंवा एकांत, आणि दुखण्यापासून संरक्षण या पाच गोष्टी देणे मालकावर बंधनकारक केले आहे. पहिली गोष्ट कोणती? जागा.

आपल्याकडे काय?

हे वाचून आपल्या कोणा पोराला वाटेल, ढिगातली पाल बरणीत घालून घरी न्यावी. तसे करू नका. रानातला जीव रानातच राहिला पाहिजे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे आणि तो गरिबालाही माफ करीत नाही. शहरातल्या दुकानात कोणी अशी पाल विकत असेल तर ती कुठून आणली हे आपल्याला कळत नाही. वनखात्याच्या कचेरीत विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. शिवाय आमच्या जळगाव-भुसावळचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. इंग्लंडात ऊब द्यायची अडचण, इथे मे महिन्यात वीज गेली की काचेच्या पेटीची भट्टी होईल. माळावरची पाल तेव्हा जमिनीत खोल गारव्याला जाते. पेटीतली कुठे जाणार?

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मांडूळ लाखो रुपयांना जाते, अमुक जातीच्या पालीला औषधासाठी परदेशात मागणी आहे, अशा थापा मारून काही लोक गावागावातल्या बेकार पोरांना हाताशी धरतात. पोरगा मांडूळ पकडतो, सौदा करायला जातो आणि पोलिसांच्या नाहीतर वनखात्याच्या सापळ्यात सापडतो. थाप मारणारा नामानिराळा राहतो. मग जामीन, वकील, तारखा. मोलमजुरी करणाऱ्या आईच्या अंगावरचे किडूकमिडूक त्यात जाते. माता-भगिनींनो, तुमच्या मुलाने असा विषय काढला तर त्याला तिथेच थांबवा. रानातला प्राणी अडचणीत सापडला तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा, किंवा सर्पमित्राला बोलवावे.

आपल्यातल्या काही घरांत पिंजऱ्यात पोपट दिसतो. तोही रानातलाच पक्षी आहे आणि त्याला पाळणे कायद्याने गुन्हा आहे. पिंजरा इतका लहान की पंख पसरत नाहीत. बरे, कायद्याने परवानगी असलेले प्राणी तरी आपण कसे ठेवतो? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात म्हटले आहे की हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात किंवा खोक्यात कोणताही प्राणी कोंडणे गुन्हा आहे.

कोंबड्या तर घरोघर आहेत. त्यांच्या खुराड्याची जमीन पावसाळ्यात बघितली आहे काय? खाली चिखल, त्यात विष्ठा, नाकाला झोंबणारा वास. मग पिले रक्ताची हगवण लागून मरतात आणि आपण म्हणतो कोणाची तरी नजर लागली. नजर नाही लागली, जमीन ओली होती. खुराड्याची जमीन आजूबाजूपेक्षा वीतभर उंच करावी. त्यावर दोन-तीन इंच जाडीचा लाकडाचा भुसा, भाताचे तूस किंवा भुईमुगाच्या टरफलांचा चुरा पसरावा. तो अधूनमधून खालीवर करावा आणि ओला झालेला भाग लगेच काढावा. पाण्याचे भांडे सांडणार नाही असे ठेवावे. शेळीचेही तेच. ओल्या जमिनीवर उभी राहिली की खूर कुजतात. पैसा फार लागत नाही, लक्ष लागते.

भारताच्या संविधानात १९७६ साली ४२ व्या दुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घातली गेली. त्या कलम ५१ क मध्ये प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे एक कर्तव्य आहे, आणि लगेच त्याच्या पुढचे कर्तव्य आहे वैज्ञानिक दृष्टी जोपासणे. ही दोन कर्तव्ये शेजारी-शेजारी आहेत ते मला फार योग्य वाटते. भाचीच्या मुलाला पालीची दया होतीच, तिच्यावर जीवही होता. पण दयेला माहितीची जोड नव्हती म्हणून त्याने प्रेमानेच तिला वाळूवर ठेवले. आमच्या पोरांजवळ दोन्ही नव्हते म्हणून त्यांनी दगड उचलला.

जागा कोणी ठरवायची?

बंधू-भगिनींनो, जागेचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको. आपल्या आज्या-पणज्यांनी कुठे राहायचे हे दुसऱ्यांनी ठरवले. गावकुसाबाहेर, सखल भागात, जिथे गावाचे सांडपाणी येई तिथे. बघणाऱ्याला वाटे, यांना हीच जागा ठीक आहे. ज्याला राहायचे त्याला कोणी विचारले नाही. बाबासाहेबांमुळे आपण त्या जागेतून उठलो. मग आपल्या ताब्यात जेव्हा एखादा मुका जीव येतो, तेव्हा त्याची जागा ठरवणारे आपण असतो. तेव्हा आपण कसे वागतो? पेटी बघणाऱ्याला सुंदर दिसावी म्हणून सजवतो, की राहणाऱ्याला मानवेल अशी करतो?

करुणा माणसांपुरती, पण मैत्री सर्व जिवांसाठी, असा फरक बाबासाहेबांनी धम्मग्रंथात केला आहे. आपण परित्राण पाठात खंध परित्त ऐकतो. त्यात साप, विंचू, गोम, कोळी यांच्याबरोबर पालीचेही नाव येते, उंदराचेही येते. त्यांच्याविषयी मैत्री व्यक्त करून, त्यांनी आपल्या वाटेने जावे अशी कामना तिथे केली आहे. मैत्री म्हणजे प्रत्येक जीव घरात आणून ठेवणे नव्हे. ज्याला रानात जायचे त्याला जाऊ देणे हीही मैत्रीच. आणि जो आधीच आपल्या घरात आहे, ज्याला दुसरीकडे जाता येत नाही, त्याला त्याच्या स्वभावाची जमीन देणे ही मैत्री. वर्षावासाचे मूळही तेच नाही काय? पावसाळ्यात उगवलेले अंकुर आणि बाहेर पडलेले लहान जीव पायाखाली तुडवले जाऊ नयेत म्हणून भिक्खूंनी एका ठिकाणी राहावे असे भगवान बुद्धांनी सांगितले. पाय कुठे पडतो इकडे लक्ष द्या, हीच ती शिकवण.

परवाच्या रविवारी भाचीचा कॉल आला. पेटीतले चित्र, निवडुंग, वाळू सगळे गेले आहे. खाली साधा कागद, उबदार बाजूला पाटीच्या दगडाची फरशी, तिच्यावर एक पालथी कुंडी, जिच्या कडेला पोराने वडिलांकडून दार कापून घेतले. पेटी आता पूर्वीसारखी देखणी दिसत नाही. पण तीन आठवड्यांनी पालीने दोन रातकिडे खाल्ले आणि कागदावर शी केली. पोराने मला ती शीसुद्धा फोनवर दाखवली. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मलाही भरून आले. शेपटी भरायला अजून वेळ लागेल असे डॉक्टर म्हणतात.

आणि इकडे आमच्या विहारात गेल्या आठवड्यात बैठक झाली. कुंपणाचे काम या महिन्यात सुरू करायचे होते, मिस्त्रीही ठरला होता. बैठकीत त्या आजींनी विषय काढला, की दगड उचलले तर पाल कुठे जाईल? थोडी हसाहशी झाली, थोडी कुरकुरही झाली. शेवटी ठरले की अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपेपर्यंत ढिगाला हात लावायचा नाही, आणि नंतरही मागच्या माळाकडचे काही सपाट दगड तसेच ठेवून मग कुंपण घालायचे. ज्या दोन पोरांनी त्या रात्री दगड उचलले होते, तेच आता संध्याकाळी बॅटरी घेऊन ढिगापाशी लहान पोरांना सांगत असतात, “जवळ जाऊ नका रे, तिला त्रास होतो.”

आपल्या घरात कोणता मुका जीव आहे, आणि त्याच्या पायाखाली काय आहे, हे आज रात्री जेवणाआधी एकदा बघून घ्या. एवढीच विनंती.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.